चार कॉलमचं जॅकेटिंग आठांवर कसं गेलं: एका इमारतीचा प्रकरण अभ्यास

तळमजल्यावर मोकळं पार्किंग, वर चार मजले. आराखडा १५ बाय १५ मीटरचा, दोन्ही दिशांना पाच-पाच मीटरवर कॉलम, म्हणजे चार ओळींत चार-चार असे सोळा. त्यातल्या एका कडेच्या ओळीतले चारही कॉलम बिघडलेले: प्लास्टर फुगलेलं, दोन ठिकाणी कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) सुटून गंजलेली सळई उघडी पडलेली. पावसाच्या पाण्याचे पाइप याच बाजूने खाली येतात आणि त्यातला एक जोडावर कित्येक वर्षं गळत होता. रहिवाशांची मागणी सरळ होती. खराब चार आहेत, चारांना काँक्रीटचं जॅकेट, म्हणजे कॉलमभोवती सळया बांधून काँक्रीटचा नवा थर, घाला आणि विषय मिटवा.

काम अखेर आठ कॉलमचं झालं. ज्यांच्या काँक्रीटला काहीही झालेलं नव्हतं अशा चार कॉलमनाही जॅकेट बसलं. ते का, आणि प्रत्यक्ष कामात कुठे कुठे अडलं, ते इथे मांडतो.

तपासणी

मूळ कॉलम ३०० बाय ४०० मि.मी.चे, १६ मि.मी.च्या आठ सळया, नकाशावर काँक्रीट एम २०, म्हणजे २० न्यूटन प्रति चौरस मि.मी. ताकदीचं. खराब ओळीतल्या प्रत्येक कॉलममधून एकेक कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेला काँक्रीटचा गोल नमुना, काढला. क्यूबच्या (चाचणीच्या ठोकळ्याच्या) ताकदीत रूपांतर केल्यावर आकडे आले १३.९, १३.१, १४.६ आणि १२.४ न्यूटन प्रति चौरस मि.मी. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्क्यांखाली आणि कुठलाही एक कोअर ७५ टक्क्यांखाली जाऊ नये. एम २० साठी हे आकडे १७ आणि १५ होतात. चारपैकी एकही कोअर १५ पर्यंत पोहोचला नाही. बाकीच्या तीन ओळींतले कोअर मात्र १९ ते २२ च्या दरम्यान होते. फिनॉल्फथॅलिन (चांगल्या काँक्रीटला गुलाबी करणारं रसायन) मारून पाहिलं, तर खराब ओळीत कव्हरची सगळी जाडी रंगहीन राहिली. म्हणजे कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा सळईला जपणारा अल्कली गुण जाणं) सळईपर्यंत पोहोचलेलं होतं. पाणी पाइपमधून मिळतच होतं, त्यामुळे गंज चढायला वेगळं काही लागलं नाही.

आता उभ्या भाराचा हिशोब. काँक्रीट १३ धरलं आणि एफई ४१५ (४१५ न्यूटन प्रति चौरस मि.मी. ताकदीच्या) सळईतला दहा टक्के भाग गंजात गेला असं मानलं, तर कॉलमची क्षमता सुमारे १०१८ किलोन्यूटन निघते. खराब ओळीतल्या मधल्या कॉलमवर कायमचा भार ६२० आणि चल भार (माणसं, सामान) १२०, म्हणजे सुरक्षेसाठी दीडपट धरून १११० किलोन्यूटन. तूट आठ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा कळल्यावर रहिवाशांपैकी एकाने विचारलं की आठ टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, चांगलं प्लास्टर करून भागणार नाही का. प्रश्न रास्त होता. फक्त उभा भारच पाहायचा असता, तर मीही हलक्या उपायाचा विचार केला असता.

अडचण रिंगांची, म्हणजे उभ्या सळयांना आवळणाऱ्या आडव्या कड्यांची, होती. एका कॉलमचं कव्हर काढून पाहिलं तर ८ मि.मी.च्या रिंगा २०० मि.मी.वर आणि हुक नव्वद अंशांचे. आतली सळई शोधणाऱ्या कव्हर मीटरने बाकीचे कॉलम तपासले, तिथेही अंतर तेवढंच. अशा रिंगा भूकंपात कव्हर उडालं की उलगडतात आणि आतलं काँक्रीट मोकळं होतं. शिवाय तळमजला मोकळा, वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती. इमारत आडवी हलली की सगळं वाकणं या एका मजल्यातच एकवटणार. म्हणजे काँक्रीट चार कॉलमचं खराब होतं, पण रिंगा सोळाही कॉलमच्या कमी पडत होत्या.

चारच कॉलम का चालले नसते

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. १०० मि.मी. जाडीचं जॅकेट चारही बाजूंनी घातलं की ३०० बाय ४०० चा कॉलम ५०० बाय ६०० चा होतो. ताठरता (वाकण्याला होणारा विरोध) रुंदीच्या प्रमाणात आणि वाकण्याच्या दिशेतल्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे एका दिशेने ती ५.६ पट आणि दुसऱ्या दिशेने ६.९ पट होते. नवं काँक्रीट जास्त ताकदीचं असतं हे तर यात धरलेलंच नाही. बीम आणि पाया थोडे लवचीक असतात, म्हणून हात राखून चारपट धरू.

एका कडेची ओळ चारपट ताठ, बाकीच्या तीन ओळी होत्या तशाच. ताठरतेचं केंद्र मोजलं तर ते त्या कडेपासून ४.२९ मीटरवर येतं. इमारतीचं वजन मात्र मधोमध, ७.५ मीटरवर. फरक ३.२ मीटरचा, म्हणजे इमारतीच्या रुंदीच्या एकवीस टक्के. आधी समतोल असलेली इमारत आपण दुरुस्तीच्या नावाखाली पिळवटणारी करून ठेवली असती. भूकंपात ती ताठ कडेभोवती फिरली असती आणि समोरच्या कडेचे, आज धडधाकट दिसणारे पण रिंगांनी कमजोर कॉलम सगळ्यात जास्त हलले असते.

म्हणून समोरची कडेची ओळही घेतली. आठ कॉलम, दोन्ही कडांना सारखे. ताठरतेचं केंद्र पुन्हा मध्यावर आलं. पिळाला विरोध करायला दोन दूरच्या ओळी मिळाल्या आणि आडव्या बलाचा जवळपास ऐंशी टक्के वाटा या आठांवर गेला. मधल्या दोन ओळींच्या रिंगा कमजोरच राहिल्या, पण त्या मजल्याचं हलणंच इतकं कमी झालं की त्यांच्या वाट्याला येणारं वाकणं त्यांना पेलतं. कडेच्या दोन ओळींत भिंती उभारणं कागदावर याहून नेटकं दिसत होतं. पण त्यासाठी नवा पाया खणावा लागला असता आणि गाड्यांची वाटही अडली असती. फायबरचं वेष्टण काँक्रीटला घट्ट आवळतं, पण वाकण्याची ताठरता फारशी वाढवत नाही, आणि ती तर इथे हवीच होती.

शंभर मि.मी.चा हिशोब

जाडी ताकदीवरून ठरली नाही. जॅकेट धरून कॉलमची उभी क्षमता ३९०० किलोन्यूटनच्या वर जाते, गरजेच्या तिपटीहून जास्त. जाडी ठरते ती आत काय काय मावायला हवं यावरून. बाहेरून ४० मि.मी. कव्हर, ८ ची रिंग, १६ ची सळई, झाले ६४. उरले ३६. सळई आणि जुना कॉलम यांच्यामधल्या या ३६ मि.मी.तून काँक्रीट खाली उतरायचं. म्हणूनच आयएस १५९८८ हा इमारती मजबूत करण्याचा भारतीय कोड किमान १०० मि.मी. मागतो. त्याहून पातळ जॅकेट मला अनेक ठिकाणी पाहायला मिळतं, आणि ठोकून पाहिलं की सळईच्या मागे पोकळ वाजतं. तोच कोड जॅकेटचं काँक्रीट जुन्यापेक्षा किमान ५ न्यूटनने वरचं असावं असं सांगतो. आम्ही एम ३० घेतलं, खडी १० मि.मी.च्या आतली.

प्रत्येक कोपऱ्यात तीन-तीन अशा १६ मि.मी.च्या बारा सळया लावल्या. कॉलमच्या बाजूच्या मधोमध न लावण्याचं कारण बीम. २३० मि.मी. रुंदीचा बीम कॉलममध्ये मधोमध घुसतो, तिथली सळई वर जाऊच शकत नाही. ५०० च्या बाजूला कोपऱ्यांतल्या सळयांमध्ये २८८ मि.मी. अंतर राहिलं, ते ३०० च्या आत बसतं. ६०० च्या बाजूला ३८८ होत होतं, म्हणून तिथे मध्ये १२ मि.मी.ची एक सळई दिली. जिथे बीम आडवा आला तिथे ती बीमच्या तळाशीच थांबली.

रिंगा ८ मि.मी.च्या, १०० मि.मी.वर, पूर्ण उंचीत. उभ्या कॉलमला बंद रिंग वरून घालता येत नाही, त्यामुळे दोन यू आकाराचे तुकडे समोरासमोर आणून कोपऱ्यात १३५ अंशांत वळवायचे. इथे एक अडचण आली जी नकाशावर दिसत नाही. हुकचा पाय रिंगेच्या जाडीच्या दहापट, म्हणजे ८० मि.मी. हवा आणि तो आत, कॉलमच्या मध्याकडे जायला हवा. पण आत जुनं काँक्रीट! कोपऱ्यातल्या सळईपासून जुन्या कॉलमच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं अंतर जेमतेम ५४ मि.मी. कामगारांनी पहिल्या कॉलमला हुक नव्वद अंशांवरच सोडून दिले होते. त्यांच्या दृष्टीने दुसरा मार्गच नव्हता. मग जुन्या कॉलमचे चारही कोपरे ४० मि.मी. तिरपे छाटले. जुनी रिंग त्याहून आत असल्याने तिला धक्का लागत नाही आणि हुकला आणखी २८ मि.मी. मिळतात. पाय बसला.

बीम-कॉलमच्या जोडात मनासारखं झालं नाही. तिथेही १०० मि.मी.वर रिंगा हव्या होत्या, त्यासाठी बीमला आरपार भोकं पाडून रिंगांचे तुकडे ओवावे लागतात. बीम ४५० मि.मी. खोल. कव्हर मीटरने बीमच्या सळया आणि रिंगा आखून घेतल्यावर दोनच पातळ्यांवर भोकाला सुरक्षित जागा सापडली. बीमची सळई कापून जोडाची रिंग बसवण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून दोनांवर थांबलो.

वरच्या टोकाचं काय करायचं यावर बराच वाद झाला. जॅकेट स्लॅबखाली संपवलं तर सळयांना ताण घ्यायला पकडच मिळत नाही आणि कॉलमच्या डोक्याशी, जिथे वाकणं सगळ्यात जास्त, तिथे जॅकेट शोभेचं उरतं. सळया स्लॅबमधून वर गेल्याच पाहिजेत. पहिल्या मजल्यावर पूर्ण उंचीचं जॅकेट घरात राहणाऱ्यांना मान्य नव्हतं. एम ३० मध्ये १६ मि.मी.च्या एफई ५०० सळईला पुरेशी पकड मिळायला ७२५ मि.मी. लांबी लागते. तेवढ्यावर तडजोड झाली: पहिल्या मजल्यावर ७५० मि.मी. उंचीचं आखूड जॅकेट. वर भिंती आहेत, आडवं बल त्या बऱ्यापैकी घेतात, या भरवशावर ते उभं आहे. आठही कॉलम पहिल्या मजल्याच्या माथ्यापर्यंत नेता आले असते तर मला जास्त आवडलं असतं.

पायाशी

जॅकेट फरशीपासून सुरू करणं ही फार पसरलेली पद्धत आहे आणि फार वाईट. वाकण्याचं दुसरं टोक फूटिंगच्या (कॉलमखालच्या पायाच्या ठोकळ्याच्या) माथ्याशी असतं, फरशीखाली. खणून फूटिंगपर्यंत गेलो, एका वेळी एक सोडून एक कॉलम घेत. ४५० मि.मी. जाड फूटिंगमध्ये २० मि.मी. व्यासाची ३०० मि.मी. खोल भोकं पाडून सळया इपॉक्सीने रोवल्या.

या भोकांवर उभं राहून लक्ष ठेवावं लागतं. ड्रिल झालं की आत पिठासारखी भुकटी बसते. इपॉक्सी त्या भुकटीला चिकटतं, काँक्रीटला नाही. हवा मारायची, तारेचा ब्रश फिरवायचा, पुन्हा हवा, पुन्हा ब्रश, आणि इपॉक्सी तळापासून नळीने वर भरत यायचं. ओढून पाहण्याच्या चाचणीत एक सळई सरकली. भोक उघडून पाहिलं तर इपॉक्सीचा गुळगुळीत कांडका अख्खा बाहेर आला, बाहेरून पांढऱ्या भुकटीने माखलेला. त्या कॉलमची सगळी भोकं शेजारी नव्याने पाडली. फूटिंगवर वाढलेलं वाकणं पेलायला कडेच्या फूटिंगना एकमेकांशी जोडणारे बीमही याच खोदाईत घातले.

भार उतरवणं

जॅकेट घालताना जुना कॉलम ६२० किलोन्यूटन घेऊन उभाच असतो. नवं काँक्रीट त्याला फक्त वेढतं. आधीचा भार त्याच्याकडे आपोआप जात नाही, पुढे येणारा भार तेवढा वाटून घेतला जातो. शेवटच्या क्षणी, जुनं काँक्रीट दबायला लागलं की जॅकेट भार उचलतं हे खरं. पण १३ न्यूटनच्या काँक्रीटला त्या क्षणापर्यंत नेण्याची माझी तयारी नव्हती.

टेकू लावले की भार उतरला असं समजलं जातं. आकडा पाहा: तीन मीटर उंचीचा हा कॉलम ६२० किलोन्यूटनखाली जेमतेम पाऊण मि.मी. दबलेला आहे. म्हणजे पूर्ण भार काढायचा तर बीम पाऊणच मि.मी. उचलायचा. साध्या स्क्रू टेकूच्या आट्यांमधली ढिलाईच त्याहून जास्त असते. ते टेकू पहारा देतात, भार घेत नाहीत. इथे मापक लावलेले हायड्रॉलिक जॅक लागतात, आणि उंचीकडे न पाहता दाबाकडे पाहून काम करावं लागतं.

मधल्या कॉलमला तीन बीम येतात. प्रत्येकाखाली, कॉलमपासून ६० सें.मी.वर एक जॅक, प्रत्येकी ८० किलोन्यूटन, मिळून २४०. त्याहून पुढे गेलो नाही, कारण जॅक बीमला उलट वाकवतो. कॉलमजवळ बीमची वरची सळई ताणाची असते, जॅकमुळे ताण खाली येऊ लागतो आणि खालच्या सळईची जोडातली पकड या इमारतीत तोकडी होती. कोपऱ्याच्या कॉलमना दोनच बीम, तिथे भार आणखी कमी उतरला. वेगळ्या स्टँडवर बसवलेल्या, बारीक हालचाल मोजणाऱ्या डायल गेजने मधल्या कॉलमचा माथा ०.३ मि.मी. वर आल्याचं दाखवलं. हिशोबातही ०.२९ होतं.

चिपिंग आणि काँक्रीट

सुटलेलं, पोकळ वाजणारं सगळं काढून खडी उघडी पडेपर्यंत चिपिंग (पृष्ठभागाचे टवके काढणं) केलं, खोलगटपणा पाच-सहा मि.मी. सळईवरचा गंज ब्रशने साफ केला आणि गळका पाइप या सगळ्याच्या आधी बदलून घेतला. ठेकेदाराला चिपिंगवर इपॉक्सी बाँडिंग कोट लावायचा होता. मी नको म्हटलं. कोट लावल्यापासून काँक्रीट ओतेपर्यंत शटरिंग बांधण्यात तास निघून जातात. तोवर कोट सुकतो आणि सुकलेला कोट जोडण्याऐवजी वेगळं करणारा थर बनतो. त्यापेक्षा चांगलं चिपिंग, आदल्या दिवसापासून भिजवलेला कॉलम आणि ओतताना वरून कोरडा पृष्ठभाग. सोबत इपॉक्सीने रोवलेले १२ मि.मी.चे एल आकाराचे डॉवेल, म्हणजे जुनं आणि नवं काँक्रीट जोडणारे सळईचे तुकडे. युरोकोड ८ या युरोपच्या भूकंपविषयक कोडच्या तिसऱ्या भागात नीट केलेल्या जॅकेटला जवळपास एकसंध कॉलम धरण्याची मुभा आहे, शिअरची (आडव्या बलाने कापलं जाण्याला विरोधाची) क्षमता तेवढी ०.९ ने गुणायची.

काँक्रीट वरून, स्लॅबला कॉलमभोवती पाडलेल्या चार भोकांतून ओतलं. त्याच भोकांतून हवा बाहेर पडते. बाजूने खिडकी ठेवून ओतलं तर बीमखालचे शेवटचे काही सें.मी. कधीच भरत नाहीत. पातळ, वाहतं काँक्रीट तीन मीटर उंच भरलं की तळाशी शटरिंगवर दर चौरस मीटरला ७० किलोन्यूटनच्या वर दाब येतो. पहिल्या कॉलमला तळाची प्लाय फुगली आणि फटीतून काँक्रीट वाहायला लागलं. लगेच थांबवून आवळलं, पण तिथे हनीकोम्ब (काँक्रीटमध्ये पोकळ्या) झालाच. तो नंतर फोडून ग्राउटने भरावा लागला. पुढचे कॉलम दोन टप्प्यांत ओतले आणि खालच्या मीटरभरात क्लॅम्प दुप्पट केले. दोन आठवडे ओली गोणपाटं गुंडाळून ठेवली होती.

जॅक सोडताना

२८ दिवसांचे क्यूब पास झाल्यावर मधल्या कॉलमचे जॅक टप्प्याटप्प्याने सोडले. जुना कॉलम एकटा असता तर २४० किलोन्यूटन परत येताना माथा ०.३ मि.मी. खाली यायला हवा होता. जॅकेट बरोबरीने काम करत असेल तर ०.०९. डायल ०.१ च्या जरा पुढे थांबला. दुसऱ्या दशांशावर मी पैज लावणार नाही, तापमानाने तेवढा फरक पडतो. पण ०.३ आणि ०.१ मधला फरक तापमानाचा नाही. उतरवलेल्या २४० पैकी साधारण १६० किलोन्यूटन जॅकेटने घेतले आणि जुन्या काँक्रीटवरचा कायमचा भार ६२० वरून ४६० च्या आसपास आला. आकुंचन आणि क्रीपमुळे (सततच्या भाराखाली काँक्रीट हळूहळू दबत जाण्यामुळे) यातलं थोडं पुढे परत जुन्याकडे सरकेल.

त्याच आकुंचनाने काही आठवड्यांनी जॅकेटवर केसासारख्या उभ्या भेगा दिसल्या आणि रहिवाशांचे फोन सुरू झाले. नवं काँक्रीट आकसू पाहतं, जुनं त्याला आकसू देत नाही, भेगा तिथून येतात. ठोकून पाहिलं, कुठेही पोकळ वाजलं नाही. एका ठिकाणी जॅकेटमधून जुन्यापर्यंत जाणारा कोअर घेतला, तो सांध्यावर न तुटता अख्खा निघाला. भेगांवर पेन्सिलने तारीख लिहून ठेवली, त्या पुढे वाढल्या नाहीत, मग लवचीक रंग मारला.